घुगऱ्यांचं घर

लग्न होऊन मी सोनाळ्याला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवी होते. राज्याचं सगळीकडे कौतुक चाललं होतं, माझं मात्र फारसं कुणी करत नव्हतं. मी देऊळगाव राजाकडची, जालन्याच्या वळणाचं बोलणारी. मी "मला" म्हटलं की गल्लीतली बारकी पोरं तोंडावर हात ठेवून हसायची, कारण तिथे सगळा कारभार "मले" आणि "तुले"चा. जिल्हा एकच, पण मी जणू परदेशातून आले होते. स्वभाव माझा मुळात तिखट. हसणाऱ्याकडे मी एकदा नीट बघून घ्यायची आणि मग दिवसभर भांडी जरा जोरात ठेवायची.

भादव्याच्या पुनवेला गल्लीत भुलाबाई बसली. मातीची भुलाबाई, म्हणजे पार्वती, शेजारी भुलोजी शंकर आणि मांडीवर बारका गणराया. पाटलांच्या ओसरीवर त्यांचा मुक्काम, आणि तिथून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी टिपऱ्या वाजवत घरोघर गाणी म्हणत फिरायच्या. गाणी झाली की त्या घरचा खाऊ. पण खाऊ असा सरळ हातावर पडत नसे. घरच्या बाईनं तो झाकणाच्या डब्यात घालून आणायचा, पोरींनी डबा हलवून, वाजवून, हुंगून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही ओळखलं तर घर जिंकलं. हे माझ्या माहेरीही होतं, पण तिथे तो हसण्याखिदळण्याचा खेळ होता. सोनाळ्यात ती लढाई होती.

आमच्या घराचा नंबर आला त्या संध्याकाळी मी नव्या सुनेच्या हौसेनं दारात उभी राहिले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी डबा अजून खाली ठेवलाही नव्हता, तोच सगळ्या पोरी एका सुरात "घुगऱ्या!" म्हणाल्या आणि हसत सुटल्या. डब्यात गव्हाच्या घुगऱ्याच होत्या. मग कळलं की दर वर्षी त्याच असतात. आमच्या घराला गल्लीत नावच पडलं होतं, घुगऱ्यांचं घर.

त्या हसणाऱ्या घोळक्यात एकच पोरगी हसत नव्हती, ती आमच्याच घरची. माझी धाकटी नणंद. ज्या घरचा खाऊ, त्या घरच्या पोरीनं ओळखायचं नाही, गप्प बसायचं, असा नियम. ती खाली मान घालून टिपरीची दोरी गुंडाळत बसली होती. मी तिला "बाई" म्हणायची, ती मला "वहिनी". तोवर आमचं बोलणं पाणी आणणं आणि केर काढणं याच्यापुढे गेलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना तिनं दोन घास खाल्ले आणि उठली. मी मागच्या अंगणात जाऊन विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. दिवाळीनंतर तिचं लग्न पिंपळगाव राजाला ठरलं होतं. लग्न झालेलीनं भुलाबाईच्या पोरींत बसायचं नसतं. म्हणजे ही तिची शेवटची भुलाबाई. आणि आमच्या गल्लीची रीत अशी की कोजागरीला सगळ्या घरांचे डबे पाटलांच्या अंगणात एकत्र यायचे, आणि ज्या घरचा डबा शेवटपर्यंत कुणाला ओळखू येत नसे, त्या घरच्या पोरीच्या डोक्यावर भुलाबाईचा पाट द्यायचा. ती पुढे, बाकीच्या सगळ्या तिच्या मागे, अख्ख्या गावातून नदीपर्यंत, विसर्जनाला. लहानपणापासून ती मागेच चालत आली होती.

"मले एकदाच तो पाट डोक्यावर घ्यायचा होता वं वहिनी," ती म्हणाली. "मायले सांगून सांगून थकली मी."

मला रागच आला. कुणाचा ते नक्की सांगता येणार नाही, पण पुष्कळ आला. मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं की कोजागरीला पाट तुझ्याच डोक्यावर असेल. हे कसं होणार याची मला तेव्हा काडीचीही कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंशी बोलायला गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरी संध्याकाळभर ओरडून ओरडून गातात, उपाशी होतात, त्यांच्या पोटात काहीतरी जड गेलं पाहिजे. ओळखायला आलं तर आलं. खाऊ हा खायला असतो, लपवायला नाही. त्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्यांना एवढंच विचारलं की कोजागरीचा एक दिवस डबा माझ्या हाती द्याल का. त्या म्हणाल्या, दिला, पण एक लक्षात ठेव, डब्यात खडे, करवंट्या असला चावटपणा चालणार नाही, जे असेल ते लेकराच्या तोंडात गेलं पाहिजे.

कोजागरीच्या आधी गल्लीत आमची अजून एकदा पाळी येणार होती, ती आम्ही सरावाला धरली. मी माहेरच्या पद्धतीच्या खुसखुशीत शंकरपाळ्या केल्या. सोनाराच्या पोरीनं डबा एकदाच हलवला आणि नाव सांगितलं. ही सोनाराची पोर म्हणजे गल्लीतलं सगळ्यात तिखट नाक आणि सगळ्यात तिखट कान. नंतर कळलं की तिनं दुपारीच धाकट्या बहिणीला विरजण मागायच्या निमित्तानं आमच्या घरी पाठवलं होतं. पोरगी चुलीपाशी रेंगाळली, नाक वर करून उभी राहिली आणि विरजण विसरून गेली. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तेव्हा आम्ही दोघी नणंद-भावजय धुणं धुताना, दळताना, शेणकूट करताना याचाच विचार करायला लागलो. मला वाटत होतं आपल्याला काहीतरी अवघड पक्वान्न करायला हवं. बाईनं मला वेड्यात काढलं. तिनं इतकी वर्षं दुसऱ्यांचे डबे ओळखले होते, ओळखणारीचं डोकं कसं चालतं ते तिला आतून ठाऊक होतं. ती म्हणाली, डबा हातात आला की आम्ही आधी सणाचे पदार्थ म्हणतो, मग तळणाचे, मग लाडू-वड्या, मग फळं. पक्वान्न जेवढं मोठं तेवढं ते लवकर तोंडात येतं. रोजच्या जेवणातलं, शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं, ज्याला कुणी खाऊ मानतच नाही असं काही असेल तर आम्ही तिथपर्यंत पोचतच नाही.

मी हातातलं कापड पिळायचं थांबले. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं.

पण धुऱ्यावरचं म्हणजे काय? आम्ही यादी करत बसलो. तरोटा, घोळ, चिवळ, कुणी खाल्ल्या असत्या ह्या भाज्या भुलाबाईच्या प्रसादाला. मी नुसतीच चिडचिड करत होते. आत्याबाई सगळं ऐकत होत्या आणि मधूनच, घुगऱ्यांना काय धाड भरली होती, असं म्हणत होत्या. एका दुपारी त्यांच्याशी माझी यावरूनच चांगली जुंपली. चुलीवर मामंजींसाठी अंबाडीच्या बोंडांचं सार ठेवलेलं. लाल बोंडांच्या पाकळ्या सोलून, उकळून, गूळ घालून केलेलं सार मामंजी पित्तावर प्यायचे. आम्ही दोघी भांडत राहिलो आणि सार आटत राहिलं. धूर आला तेव्हा आत्याबाईंनी पातेलं उतरवलं, एका ताटलीत उरलंसुरलं ओतलं आणि माझ्याकडे बघून काही न बोलता निघून गेल्या. न बोलणं हे त्यांचं सगळ्यात कडक बोलणं.

संध्याकाळी ताटली घासायला घेतली तर ते हलेना. घट्ट बसलं होतं. बोटानं कड उचलली तर एक अख्खा लवलवीत तुकडा वर आला. मी तो तोंडात टाकला. आंबट, गोड, किंचित करपट. मी आत्याबाईंना हाक मारली. त्यांनीही एक तुकडा घेतला, जिभेवर घोळवला, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "गुळानं काळं पडलं. साखर लागन. अन् बोंडं आणखी कोवळी पाहिजे."

त्या क्षणी भांडण संपलं आणि कोजागरीच्या डब्यात याच्याच वड्या जाणार हे ठरलं. आम्ही तिघी एका बाजूला झालो.

साखर कंट्रोलची, मोजकी. आत्याबाईंनी दिवाळीसाठी ठेवलेली साखर काढली आणि मामंजींचा चहा गुळाचा झाला. मामंजी दोन दिवस नुसतेच कपात बघत राहिले. बोंडं बाई स्वतः शेतातून ओच्यात भरून आणायची. आता अडचण एकच, वासाची. अंबाडी उकळली की तिचा आंबट वास चार घरं ओलांडतो, आणि सोनाराच्या पोरीची धाकटी बहीण आता दिवसाआड काहीतरी मागायला येतच होती. कधी विस्तव, कधी सुई.

समोरच्या घरात मनियारीण चाची राहायची. बांगड्या भरणारी. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे हात तिच्या ओळखीचे होते. त्यांच्या घरी भुलाबाई नाही, त्यामुळे तिथे हेरगिरी करायला कुणी जात नसे. बाईनं माझ्या कानात सांगितलं, चाचीच्या चुलीवर करू. मला ते एकदम पटलं, पण आत्याबाईंना विचारायची दोघींचीही छाती होईना. भुलाबाईचा प्रसाद, आणि मुसलमानाच्या चुलीवर. गल्ली काय म्हणेल ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी मीच विचारलं. मी सरळ विचारलं, कारण आडून विचारायची कला मला कधीच आली नाही. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या.

"भुलाबाईचा हिरवा चुडा दर वर्षी तेच भरते," त्या म्हणाल्या. "चुडा तिच्या हातचा चालते अन् वडी चालत नाही, हे कोनी मले समजावून सांगा."

त्या संध्याकाळी त्यांनीच पातेलं पदराखाली झाकून समोर नेलं.

चाचीला हे सगळं ऐकून इतका आनंद झाला की तिनं दाराला कडीच घातली. तिला आवळ्याचा मुरब्बा करायची सवय, त्यामुळे पाक कुठे थांबवायचा हे तिचं डोळ्याचं काम होतं. आधीचा आमचा एक घाणा इतका चिवट झाला की दात निघाले असते, दुसरा इतका पातळ की पोळीशी खावा. चाचीनं उकळलेली बोंडं तलम फडक्यातून गाळायला लावली, थेंब थंड ताटलीत टाकून बोटानं ढकलून बघायला शिकवलं. "जल्दी मत करो बहू," ती मला सारखं म्हणायची, कारण मी सारखी घाई करत होते. आत्याबाई ढवळायच्या, बाई चाखायची, मी जाळ सांभाळायची आणि अधूनमधून सगळ्यांना रागवायची. चाचीच्या धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, ऑक्टोबरच्या उन्हात ताटल्या वाळत पडल्या, वर ओढणी झाकलेली. चौघींपैकी एकटीनं कुणी ते केलंच नसतं. माझ्या अंगात हट्ट होता पण हातात कसब नव्हतं. बाईकडे डोकं होतं पण चूल नव्हती. कसब आत्याबाईंकडे होतं, पण हौस त्यांनी कधीच गुंडाळून ठेवली होती, आणि चाचीला तर कुणी भुलाबाईच्या खेळात विचारलंच नव्हतं.

वड्या कापल्या तेव्हा त्या लालभडक, आरपार दिसणाऱ्या झाल्या होत्या.

कोजागरीला दिवस मावळता मावळता पाटलांचं अंगण भरलं. ज्वारीच्या धांड्यांची खोपी उभी केली होती, तिच्यात भुलाबाई. एकेक डबा पुढे येत होता आणि पडत होता. अनारसे ओळखले, सांजोऱ्या ओळखल्या. पाटलांच्या घरची थोरली बाई, जिचा शब्द अंगणात शेवटचा, खुर्चीवर बसून निवाडा देत होती. आमचा डबा पुढे आला तेव्हा कुणीतरी मागून "घुगऱ्या" म्हणालंच. आमच्या बाईनं शांतपणे मान हलवली. नाही.

पोरी डब्याभोवती पुढे सरकल्या.

सोनाराच्या पोरीनं डबा घेतला. हलवला, काहीच वाजलं नाही. आम्ही खाली केळीचं पान घातलं होतं, वड्या त्याला चिकटून बसल्या होत्या. तिनं झाकणाच्या फटीला नाक लावलं, केळीच्या पानाचाच वास आला. मग ठरलेले प्रश्न सुरू झाले, त्यांना घरच्या पोरीनं खरं उत्तर द्यायचं असतं. तळलेलं का? नाही. रंग कोणता? लाल. गोड का खारं? बाई म्हणाली, आंबटगोड. मग एकच गिल्ला झाला. गाजराचा हलवा, चिंचेच्या गोळ्या, बोरकूट, कवठाची बर्फी. सोनाराची पोर हळूच म्हणाली, आंब्याची पोळी. ती फारच जवळ आली होती. पण बाईनं मान हलवली आणि ती पुन्हा दूर गेली, डाळिंबाकडे. त्यातल्या निम्म्या पोरींनी त्या दुपारी भाकरीबरोबर अंबाडीची भाजीच खाल्ली होती.

"हारलो," सोनाराची पोर शेवटी म्हणाली, आणि तिनं स्वतः झाकण उघडलं.

पोरींनी वड्या तोंडात टाकल्या आणि पुन्हा हात पुढे केले. आत्याबाई एकेकीला वाटत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर मी तोवर कधी न बघितलेलं हसू होतं. अंबाडीची म्हटल्यावर कुणाला खरंच वाटेना. तेवढ्यात सोनाराच्या पोरीनं विचारलं, हिचं नाव काय? आम्ही चौघींनी इतके दिवस खपून सगळं केलं होतं, पण नाव ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी आत्याबाईंकडे बघितलं, आत्याबाईंनी माझ्याकडे. पोरगी जिंकल्यासारखी उभी राहिली. ज्याला नावच नाही ते आम्ही ओळखायचं कसं, असं ती म्हणाली, आणि बाकीच्याही ओरडायला लागल्या, हे धरायचं नाही. थोरली बाईही विचारात पडली. माझी जीभ सुटायच्या बेतात होती, आणि सुटली असती तर सगळं बिघडलं असतं. पण माझ्या आधी आमची बाई बोलली. महिनाभर टिपरीच्या दोरीकडे बघत बसणारी ती.

"लेकराचं नाव बाराव्या दिवशी ठेवतात," ती म्हणाली. "मंग आधीचे अकरा दिवस ते लेकरू नसते काय?"

आधी थोरली बाई हसली, मग सगळं अंगण. सोनाराची पोरही हसली, तिला हसावंच लागलं. "द्या तिले पाट," थोरली बाई म्हणाली.

चंद्र चांगला वर आला होता. बाईच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर पाट, पाटावर भुलाबाई. ती पुढे निघाली, मान ताठ, एक हात पाटाला, आणि मागे अख्खी गल्ली टिपऱ्या वाजवत. चाचीच्या दारासमोर ती आपली आपण थांबली. चाची उंबऱ्यात उभी होती. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत उरलेला डबा तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं सांगितलं की पाक हिचा आहे. दोन-तीन हात वडी मागायला चाचीकडेच पुढे झाले. मी रडत होते. लपवायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ जिंकले, पण त्या संध्याकाळइतकी छाती पुन्हा कधी फुगली नाही. वडीला "बारशाची वडी" हे नाव नदीवर जाईपर्यंत पडलं होतं. कुणी पाडलं ते अजून माहीत नाही.

दिवाळीनंतर बाईचं लग्न झालं. पुढच्या वर्षी कोजागरी झाल्यावर ती माहेरी आली ती दारातूनच हसत. सासरीही भुलाबाई बसली होती, आणि आता तिकडे डबा घेऊन यायची पाळी नव्या सुनेची, म्हणजे तिची. तिनं कुणाला न सांगता अंबाडीची बोंडं आणली, फडक्यातून गाळली, थेंब ताटलीत टाकून बघितला, केळीचं पान घातलं. पिंपळगाव राजाच्या पोरींना हे कुठून कळणार, अशी तिची खात्री होती.

"मंग?" मी विचारलं.

"डबा खाली ठेवला न ठेवला, अन् सगळ्या एकदम ओरडल्या," ती म्हणाली. "बारशाची वडी."

चाची बांगड्या घेऊन खामगावच्या बाजारापर्यंत फिरायची. कुणाचा हात धरला की तोंड चालूच. वर्षभरात तिनं ती वडी कुठेकुठे पोचवली होती कोण जाणे. माझी नणंद उंबऱ्यावर बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "तिकडं तं म्हनतात, हे आमच्या गावचीच आहे, पहिल्यापासूनची."

आत्याबाई आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं, लेकीच्या शेजारी बसल्या, आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की समोरून चाची विचारायला आली, काय झालं.